रेघेखालचं

अकोल्याच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या टायपिस्टचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक नवा कागद ते आधी उजेडाशी धरत, फुंकर घालत आणि मगच मशीनला लावत. तो नेटकेपणा पाहूनच मी माझा एम.ए.चा प्रबंध त्यांच्याकडे दिला. विषय होता युरोपातल्या देशांनी आपसात केलेला रोमचा करार. प्रत्येक पानाच्या तळाशी रेघ मारून कराराचं पूर्ण नाव, सहीचं साल आणि कलमाचा आकडा मी नागपूरच्या ग्रंथालयात बसून उतरवला होता. संदर्भ अपुरे असतील तर प्रबंध परत करीन, असं सरांनी बजावलं होतं. मुदत उद्याची होती.

टाइप झालेली पानं हातात घेतली, तर एकही तळटीप नव्हती.

"रेघेखालचं घेतलं नाई, बाई," ते म्हणाले. "समोरचा वकील म्हनते, मागून घुसवलं."

मी कसंबसं माझं हस्तलिखित मागितलं. त्यांनी पायाजवळच्या टोपलीकडे बोट दाखवलं. तिच्यात माझ्या अक्षराचे तुकडे पडले होते.

"कच्चा कागद मी ठेवतच नाई. दुश्मनाच्या हाती लागला म्हंजे?"

इतक्या काळजीने माझं नुकसान कोणी केलं नव्हतं. मला रडूही येईना.

"समोर हाय तरी कोन तुमच्या?" त्यांनी मायेने विचारलं.

"युरोपातले सहा देश," मी पुटपुटले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सहा! अन् तुमी एकल्या?"

मग टोपलीतले मोठे राहिलेले तुकडे काढून ते आणखी बारीक फाडू लागले.