मोडक्या सुईचं टोक

बडनेऱ्याच्या सुंदराबाईला फोनवर लिहिणं जमत नसे. बटण दाबून बोलायचं आणि बोट उचललं की निरोप गेला, एवढं तिच्या सुनेनं, आरतीनं, शिकवून ठेवलं होतं. तेवढ्यावर ती दोन वर्षांपासून गोधडीवाल्या बायकांच्या गटात टिकून होती. गटात अकरा जणी. कोणी अमरावतीची, कोणी अचलपूरची, एक धामणगावची. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या चंदाताईंनी त्यांना एकत्र आणलं होतं. जेवढं शिवून होईल त्याचा फोटो टाकायचा आणि बिघडलं तर तेही लपवायचं नाही, असा त्यांचा नियम. कोणाच्या लाल कापडाचा रंग पांढऱ्यावर उतरायचा, कोणाची टाक्यांची ओळ वाकडी जायची, एकीचं अर्धं काम उंदरानं कुरतडलं होतं. अशा वेळी सुंदराबाईचा निरोप हटकून यायचा, "उसव अन् पुन्हा घाल. कापड कुठं पयून चाललं?"

तिच्या स्वतःच्या बिघाडाचा फोटो मात्र गटात कधी आला नाही. नवरा उत्तमराव गावाच्या कडेला भाजीपाला पिकवायचा. सकाळी त्याच्यासोबत मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की ती शिवायला बसायची, आणि असं चाळीस वर्षं चाललं होतं. हिच्या हातून काही चुकतच नसेल, असं बायका धरून चालल्या होत्या. सुंदराबाईनंही त्यांना कधी वेगळं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर गटातल्या सगळ्यात लहान खुशीला मुलगी झाली. खुशी अकोल्याला डाबकी रोडवर सासरी राहायची. बाळासाठी सगळ्यांनी मिळून दुपटं शिवायचं ठरलं. प्रत्येकीनं आपल्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या साडीचा एक तुकडा पाठवायचा आणि सुंदराबाईनं ते जोडून, अस्तर लावून धावदोरा घालायचा. आठ दिवस ती रोज फोटो टाकत होती. मंगळवारी सकाळी गटातलीच करिश्मा दुपटं न्यायला आली. करिश्मा अकोल्याच्या एका शाळेत शिक्षिका, बडनेऱ्याहून रोज गाडीनं जायची. सुंदराबाईचा शेवटचा कोपरा बाकी होता. अचलपूरहून आलेला हिरवा तुकडा, अस्तर आणि काठाची पट्टी तिथं एकावर एक येऊन जाड थर झाला होता. तिनं बोटावरच्या अंगुस्तानानं सुई रेटली आणि सुई मोडली. नेढ्याकडचा भाग बोटात राहिला, टोक दिसेना.

तिनं दुपटं झटकलं, वरून हात फिरवला, सतरंजीवर पाहिलं. करिश्मा दारात उभी राहून घड्याळ बघत होती. टोक पडलं असेल इथंच कुठं, असं म्हणून सुंदराबाईनं दुसरी सुई घेतली, कोपरा पुरा केला आणि घडी घालून दुपटं देऊन टाकलं. सुई मोडल्याचं ती करिश्माला बोलली नाही. दुपारी घर झाडलं तेव्हा केरात टोक मिळालं नाही, आणि तो विचार तिनं मागं ढकलून दिला.

गुरुवारी सकाळी आरती फोन घेऊन तिच्याजवळ आली. खुशीनं फोटो टाकला होता. बाळ दुपट्यावर झोपलेलं, मूठ गालाशी, आणि कान बरोबर त्या हिरव्या तुकड्यावर टेकलेला. खाली बायकांच्या कौतुकाची रांग लागली होती. सुंदराबाईनं फोटो पाहिला. ती भिंतीला धरून खाली बसली.

मग उठली ती वेड्यासारखी शोधायला लागली. खाट सरकवली, सतरंजी अंगणात नेऊन झटकली, बंद पडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक काढून फरशीच्या फटींवरून फिरवलं. केसांची एक पिन निघाली, एक खिळा निघाला. टोक नाही. तिनं खुशीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चारदा लावला, चारदा तसंच.

तिच्या लग्नानंतरच्या दिवसांत शेजारच्या बाईच्या तळपायात सुई मोडली होती. दिसायला नुसता लाल ठिपका, पण दोन दिवसांत टोक आतल्या आत इतकं सरकलं की डॉक्टरांना एक्स-रे काढून शोधावं लागलं. तो तर रोज चिखलात वावरणारा पाय होता. इथं वीस दिवसांच्या लेकराचा कान.

आरतीनं तिला दोन्ही खांद्यांना धरून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं.

"गटात सांगा," आरती म्हणाली. "कोणाजवळ तरी तिच्या घरचा दुसरा नंबर असंन."

याचीच तिला धास्ती होती. तिनं बटण दाबलं. पहिला निरोप नुसत्या श्वासाचा गेला. दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटले.

"बायांनो, माह्या हातानं चूक झाली. दुपट्यात सुईचं टोक राह्यलं असंन. मले मंगळवारीच समजाले पायजे होतं. खुशी फोन उचलून नाई राहिली. लेकराले त्याच्यावर ठेवू नका म्हणा."

एवढं बोलून तिनं पिशवी उचलली. उत्तमरावाला शेजारच्याकरवी निरोप ठेवला आणि सासू-सुना स्टेशनवर आल्या. गाडीत जागा होती, तरी सुंदराबाई दाराजवळ उभीच राहिली. चंदाताईंचा फोन आला की त्या सारख्या खुशीचा नंबर लावताहेत, पण तिच्या नवऱ्याचा नंबर कोणाकडेच नाही. करिश्मा वर्गावर होती. त्यानंतर गट गप्प झाला. एरवी दिवसभर वाजणारा फोन मूर्तिजापूर मागं पडलं तरी एकदाही वाजला नाही. सगळ्या जणी आपल्याला काय म्हणत असतील, हे तिला त्या शांततेत ऐकू यायला लागलं. आरतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो हातही नकोसा झाला.

अकोल्याला उतरता उतरता करिश्माचा फोन आला. तिनं निरोप आत्ताच ऐकला होता, घराचा पत्ता सांगितला. ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि तिथपर्यंत बाळाचं रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हतं, किंचाळणं होतं. सुंदराबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबली. आरतीनं तिला अक्षरशः ओढत वर नेलं.

दार खुशीच्या सासूनं, पार्वताबाईंनी, उघडलं. बाळ त्यांच्या हातात लालबुंद होऊन रडत होतं. जे सांगायचं ते आरतीनं सांगितलं. पार्वताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बाळाला पलंगावर ठेवलं, झबलं काढलं, आणि मान, पाठ, कानामागची जागा, बगला, बोटानं एकेक चाचपत गेल्या. तेवढ्यात ओल्या केसांनी खुशी बाहेर आली. ती न्हायला गेली होती, फोनचा आवाज बाळाच्या झोपेसाठी बंद करून ठेवलेला. तिनं बाळाला उचलून छातीशी लावलं तसं ते दोन हुंदके देऊन प्यायला लागलं. भूक लागली होती, बाकी काही नाही. अंगावर साधा ओरखडा नव्हता.

दुपटं पलंगावरच पसरलेलं होतं. सकाळपासून बाळ त्याच्यावरच झोपलं होतं. सुंदराबाई ते घेऊन जमिनीवर बसली आणि हिरवा कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून रेघ रेघ दाबत गेली. पहिल्यांदा काही लागलं नाही. दुसऱ्यांदा शिवणीच्या कडेला काहीतरी कडक लागलं. तिनं ब्लेडनं चार टाके कापले. दोन पदरांमधून टोक निघालं, बोटाच्या पेराहून लांब, आणि त्याची अणी वरच्या कापडातून निम्मी बाहेर येऊ पाहत होती.

तिनं ते तळहातावर ठेवून दाखवलं. खुशीनं त्याच्याकडे पाहिलं आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत निघून गेली.

"हे तुमी घेऊन जा, बाई," पार्वताबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "आमाले आता याचं भेव वाटते."

"बरोबर हाय तुमचं," सुंदराबाई म्हणाली. तिनं टोक कागदात गुंडाळलं, दुपट्याची घडी घातली आणि पाणी न पिता खाली उतरली.

परतीच्या गाडीत आरतीनं गटात लिहिलं की बाळ सुखरूप आहे. मग निरोप यायला लागले. गप्प का होतो, तर आम्ही सगळ्याच घाबरून गेलो होतो, असं चंदाताई म्हणाल्या. धामणगावच्या बाईनं सांगितलं की ती मुलाच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये टाचणी विसरली होती आणि हे आजवर कोणाला बोलली नव्हती. आणखी एकीनं तसंच काही सांगितलं. आरती वाचून दाखवत होती. सुंदराबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

महिनाभर तिनं सुई हातात घेतली नाही. खाण्यात खडा लागला तरी ती दचकायची. फोन वाजला की आरतीला म्हणायची, तूच पाह्य. मग एका दुपारी चंदाताई आणि करिश्मा न सांगता आल्या, ओसरीवर सतरंजी टाकून आपापलं काम घेऊन बसल्या. तिला कोणी शिव म्हटलं नाही. तासाभरानं चंदाताईंच्या धावदोऱ्याची ओळ तिरपी जायला लागली. सुंदराबाईनं थोडा वेळ सहन केलं, मग हात पुढं केला. चार टाके घातले आणि थांबली. तिनं सुई परत चंदाताईंच्या हातात दिली.

"आज एवढंच," ती म्हणाली.

"चालते," चंदाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं दुपटं काढलं. चारही कोपरे उसवले, आतलं जादा कापड कापून थर पातळ केला आणि उसवलेल्या कोपऱ्याचा फोटो आरतीकरवी गटात टाकला. गटातला तिच्या बिघाडाचा तो पहिलाच फोटो. कोपरा पुरा झाला की सुया मोजायच्या आणि मगच पुढचा धरायचा. चार कोपऱ्यांना तिला अकरा दिवस लागले.

संक्रांत झाल्यावर खुशीचा फोन आला. "मावशी, दुपटं झालं काय? थंडी लय हाय इकडं."

"तुई सासू काय म्हणते?"

"त्या काई म्हणत नाईत. मी म्हणून राहिली, आणा."

करिश्मा न्यायला तयार होती, पण सुंदराबाई स्वतः गेली. पार्वताबाईंनी दुपटं हातात घेतलं आणि उजेडाला बसून ओळ न् ओळ बोटांनी दाबत गेल्या. बराच वेळ लागला. मग त्यांनी ते आपल्या गालावर दाबून पाहिलं, आणि तेव्हा कुठं बाळाला त्याच्यावर निजवलं. खुशीनं चहा आणून ठेवला. सुंदराबाई आणि पार्वताबाई पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या. मध्येच बाळानं अंग ताणून बारीक आवाज काढला, तशा दोघी एकदमच उठून वाकल्या. बाळ जांभई देत होतं.

"बसा," पार्वताबाई म्हणाल्या. "चहा निवला तुमचा."