जास्वंदीला बांगडा

आमच्या घरासमोर माती अशी नाहीच. सगळा जांभा दगड. आईने कातळात खड्डा खणून घेतला, बाहेरून आणलेली माती त्यात भरली आणि तांबडी जास्वंद लावली. एवढ्याशा मातीत वाढणाऱ्या झाडाला वरून खायला द्यावंच लागतं. आई त्याला मासळी देते. मासळी धुतल्याचं पहिलं पाणी, मीठ लावायच्या आधीचं. शिवाय बांगड्याची डोकी नि आतडी राखेत घोळवून खोडापासून हातभर लांब पुरायची, वर दगड ठेवायचा. नाहीतर मांजरं उकरतात. आईच्या आजारपणात एकदा हे राहून गेलं, तर पानं पिवळी पडली आणि कळ्या उमलायच्या आधीच गळाल्या.

फुलं मात्र अख्ख्या आळीची. फाटक उघडं असे आणि कुणी विचारत नसे. आम्ही उठायच्या आत शेजारच्या काकू आपल्या गणपतीसाठी परडी भरून नेत.

गेल्या वर्षी एका रविवारी त्या उशिरा आल्या. त्यांची परडी भरत आली तेव्हा आई झाडाशी येऊन बसली, हात बांगड्याने माखलेले.

"वहिनी, हे काय करताय?"

"खत घालत्ये."

"अहो, ही फुलं मी देवाला वाहते!"

"म्हणून तर घालत्ये. देवाला किडकी फुलं द्यायची काय?"

काकूंनी परडीतली फुलं फाटकालगतच्या दगडी गडग्यावर ठेवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत, पाठोपाठ बाकीचेही थांबले. फुलं सकाळी उमलत आणि संध्याकाळी झाडावरच मिटत. आई तिकडे बघायचं टाळी.

माझं डोकं फिरलं. वडील लोटे गावच्या कंपनीतून पाळी संपवून येताना युनियनची पत्रकं आणायचे, त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. अन्याय दिसला की पत्रक काढावं, हेच मला ठाऊक.

"काकूंकडे बांगडा शिजत नाही? लिहून फाटकावरच लावते!"

"लाव की. मग फुलं कोण नेणार, तुझं पत्रक?"

चार दिवसांनी काकूंचे यजमान आले. त्यांना तोडगा सुचला होता. "वहिनी, तुम्ही घाला खुशाल. फक्त कुणाला दिसेल असं नको. विचारलंच कुणी, तर शेणखत म्हणा. मी हिची समजूत काढतो."

मला वाटलं, आई हो म्हणेल. तिला फुलं जायला हवी होती, आणि ती जायची वाट समोर उघडी होती.

"शेणखत घातलं तर शेणखत म्हणेन, काका," आई म्हणाली. "त्यांना फसवून त्यांच्या देवाला फुलं नाही द्यायची मला. बसा, चहा टाकत्ये."

आवाज चढला नाही की कुणाला दूषण दिलं नाही. मी आजवर वाचलेल्या कुठल्याच पत्रकात इतकं नीट मांडलेलं मला आठवत नाही.

संकष्टीच्या सकाळी काकू फाटकात उभ्या दिसल्या. आत येईनात.

"आज काय घातलंत?"

"आज संकष्टी, काकू. घरात मासळी नाही. काल मांदेलीचं पाणी घातलंय."

काकू झाडाकडे बघत राहिल्या. नुसतं लाल झालं होतं ते. मग आत आल्या, एकेक फूल देठाशी धरून तोडलं आणि मला म्हणाल्या, "नळ सोड गो जरा."

फुलाला मासळी लागलीच कुठे होती? हे माझ्या ओठांवर आलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट नळ सोडला. काकूंनी एकेक पाकळी धुतली, परडी पदराखाली घेतली.

"मी खाते ते वेगळं, देवाचं वेगळं," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. मग आईला: "आणि मांदेली कसली घालता हो वहिनी? गणपती यायच्या आधी तरी सुरमई घाला."

"तुमच्याकडे आणली की डोकं धाडून द्या," आई म्हणाली.

धाडलं त्यांनी. काका पिशवी घेऊन आले होते. आईने पुरलं, वर दगड ठेवला, आणि फाटक उघडंच ठेवून घरात आली.