भरीव वाजलं तरच नारळ

दादा गेला त्या सकाळी पहिला फोन त्याच्या कामावरच्या नितीनचा आला. “ताई, आमचा बाप गेला हो...” म्हणाला आणि रडायला लागला. मी फोन ठेवून दिला. रडणाऱ्या माणसाचा फोन असा तोडू नये, एवढं मला कळतं. पण त्या ‘बाप’ शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता दोनेक महिने होत आले, राग होता तिथेच आहे. तेव्हा हे मी शांत मनाने लिहितेय असं कुणी समजू नये.

शरददादा माझा थोरला भाऊ. भूगर्भशास्त्र शिकला आणि जमिनीखाली कोळसा कुठे, किती खोल आहे ते शोधणाऱ्या एका कंपनीत त्याने चंद्रपूरकडच्या जंगलांत आयुष्य काढलं. खाण निघण्याच्या कितीतरी आधीचं हे काम. जमिनीत खोल भोकं पाडायची, आतला खडक वर काढून तपासायचा आणि पुढे सरकायचं. पण दादाचा जीव सगळा त्या पुढे सरकण्याआधीच्या कामात. भोक तळापासून सिमेंटने भरत वर आणलं नाही, तर वरच्या थरातलं पाणी त्यातून खाली निघून जातं आणि गावच्या विहिरी आटतात, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की मीसुद्धा एखादं भोक बुजवू शकेन. मशीनच्या गढूळ पाण्यासाठी खड्डा खणतात, त्याची एक बाजू तो उतरती ठेवायला लावायचा. एखादं चितळ पडलंच तर त्याला चढून बाहेर येता यावं. दिवेलागणीआधी मशीन बंद, कारण ती जनावरांची पाण्यावर यायची वेळ. आणि नारळ... सगळे काम सुरू करताना फोडतात, दादा भोक बुजल्यावर फोडायचा. त्याआधी भोकाच्या तोंडावर बसवलेल्या सिमेंटच्या टोपीवर काठी आपटून आवाज ऐकायचा. भरीव वाजलं तरच नारळ. “सुरुवातीला कुणीही फोडेल गं,” म्हणायचा.

नितीन त्याच्या हाताखाली आला तेव्हा अगदी नवखा होता. दादा-वहिनींना मूलबाळ नव्हतं. वहिनी त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. वहिनी गेल्यावर नितीनचं लग्न झालं, त्यात दादा वडिलांच्या जागी उभा राहिला. काठी आपटून ऐकायचं कसं, हे दादाने शिकवलं ते फक्त त्याला.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या कामाला गाव तयार नव्हतं. दादा कवडूभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊन बसला, पोहऱ्याने पाणी काढून प्यायला आणि म्हणाला, “हे पाणी जाणार नाही. माझा शब्द.” त्या शब्दावर कवडूभाऊंनी मशीन शेतात येऊ दिलं. काम संपत आलं आणि दादाचा गुडघा पार गेला. ऑपरेशनसाठी मी त्याला इकडे मीरा रोडला आणलं. भोकं बुजवायचं काम नितीनवर सोपवून तो निर्धास्त आला होता.

निवृत्त होऊन तो इथेच पेणकरपाड्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात कवडूभाऊंचा फोन आला. “साहेब, विहिरीत पानी नाही राह्यलं.” दादा हसून म्हणाला, “भोकं भरलीत, कवडूभाऊ. माझ्या माणसाने भरलीत.” तरी राहवलं नाही. काठी टेकत निघाला, सोबत मी. शेतातल्या टोपीवर त्याने काठी आपटली... आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. फोडून पाहिलं तर खाली गोणपाट, दगड आणि मग नुसती पोकळी. शेजारचा खड्डा तसाच उघडा, चारही बाजू उभ्या. तळाशी पाडसाची हाडं होती.

नितीनला फोन लावला तर म्हणाला, “सर, पावसाआधी कॅम्प हलवायचा होता. वरून टोपी तर घातली होती ना.” एवढ्यावर थांबला असता तर दादाने त्याला माफ केलं असतं, मी ओळखते माझ्या भावाला. पण गावाने तक्रार केली आणि चौकशीत नितीनने सांगितलं, “बुजवताना सर स्वतः हजर होते.” त्या दिवसांत सर माझ्यासमोर पलंगावर पाय वर बांधून पडले होते. कंपनीने नितीनचंच ऐकलं आणि विषय मिटवला.

“तुमी तं समोर होते म्हनतेत,” कवडूभाऊ फोनवर म्हणाले. “नव्हतो,” दादा म्हणाला. तिकडून, “मंग शब्द कायले देल्ला, साहेब?” कवडूभाऊंच्या शेतातलं भोक दादाने उभं राहून भरून घेतलं. बाकीची कंपनीने उघडूच दिली नाहीत. तो नितीनशी पुन्हा बोलला नाही, आणि त्याच्याबद्दलही नाही.

नंतर आमच्या सोसायटीने गेटजवळ बोअर मारली, पाणी लागलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, “अंकल, ऊपर से लादी लगा देते हैं ना, खतम.” दादा असा काही भडकला की वॉचमनसुद्धा खुर्ची सोडून उभा राहिला. शेवटी ते भोक त्याने तळापासून भरून घेतलं, लादीवर काठी आपटली आणि सेक्रेटरींच्याच हातून नारळ फोडवला.

दादा गेल्याचं मी कवडूभाऊंना कळवलं. “चांगला मानूस होता,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पन पानी नाही आलं, ताई.”

तेराव्याला नितीन आला. फोटोपुढे डोकं टेकून बराच वेळ बसला. चारचौघांत म्हणाला, “सरांनी आम्हाला घडवलं.” निघताना दाराआडच्या काठीकडे बघून मला हळूच विचारलं, “सरांची आठवण म्हणून ही मला द्याल?”

“देईन की,” मी म्हटलं. “आधी कवडूभाऊंच्या गावाला जा. राहिलेलं एकेक भोक उघड, तळापासून भर. मग ये, ही घेऊन जा, आणि प्रत्येकावर आपटून मला फोनवर आवाज ऐकव.”

तो मान खाली घालून चप्पल शोधत राहिला.

काठी अजून दाराआडच आहे. सकाळी खाली उतरताना मी ती घेते, गेटजवळच्या लादीवर एकदा आपटते. भरीव वाजते. नितीन काही अजून आलेला नाही.