चंद्रकांता काकींचं खत

चंद्रकांता काकींना राग येत नाही आणि मला तेवढं एकच नीट येतं. अमळनेरला आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे काकी, त्यांचा मुलगा हितेंद्र, सून आणि मागच्या अंगणात एक जुना कडुनिंब. अलीकडे मी, दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून संध्याकाळी डोकं उठलेलं घेऊन घरी येणारी बाई.

काकी बहात्तरच्या. त्यांचे यजमान ज्ञानचंदजी गेले त्याला सात वर्षं झाली, कापडाचं दुकान आता हितेंद्र बघतो. घर जैन, त्यामुळे कांदा-लसूण नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही, पाणी गाळून आणि उकळून. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर काकी थांबतात, रांग सरली की निघतात. एवढ्याशा अंगणात चक्कर मारायला त्यांना पाऊण तास लागतो. "काकी, सिग्नल पडला का?" असं मी भिंतीवरून विचारायचे आणि त्या मनापासून हसायच्या.

खताचं खूळ गेल्या दिवाळीतलं. एसटीनं एरंडोलकडे जाताना त्यांना कुठल्याशा वस्तीबाहेर जळता उकिरडा दिसला. त्या ओल्या घाणीत किती जीव असतील आणि ते कसे होरपळत असतील, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. परत आल्यावर त्यांनी साध्वीजींकडून नियम घेतला, की आपल्या स्वयंपाकघरातलं साल न साल घरच्याच मातीत जाईल, घंटागाडीत जाणार नाही. नियम म्हणजे त्यांच्याकडे हौस नव्हे, एकदा घेतला की काही झालं तरी पाळायचा.

निंबाखाली विटांचा छोटा हौद बांधला गेला. दुधी-दोडक्याची सालं, केळ्यांची सालं, चहाचा चोथा, सगळं त्यात पडू लागलं. पण खत काही होईना, कारण काकी ते होऊच देत नव्हत्या. खताचा ढीग आतून तापतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मग त्या रोज सकाळी लग्नपत्रिकेचा जाड कागद घेऊन बसायच्या, ढिगात दिसेल ती अळी, दिसेल ते गांडूळ अलगद त्या कागदावर घ्यायच्या आणि निंबाच्या सावलीत नेऊन सोडायच्या, भाजू नयेत म्हणून. फावडं हौदाला लावायचं नाही, पात्यानं जीव कापले जातात. वाळका पाला टाकायचा नाही, त्यात कोळी आणि मुंग्या असतात. ज्यांनी कचऱ्याची माती करायची ते सगळे बाहेर, आणि आत नुसती ओली सालं एकमेकांवर दबून बसलेली. फाल्गुन लागेपर्यंत हौदात काळा रबरबाट झाला. त्याचा वास थेट माझ्या ओट्यावर येऊ लागला.

गल्लीतल्या चार घरांनी हितेंद्रला गाठलं, त्यात पहिली मी. तो बिचारा ओशाळला. रविवारी ट्रॉली बोलावून हौद रिकामा करतो, म्हणाला. काकींनी ते ऐकलं. बुधवारी सकाळी पाहते तर कागद घेऊन पुन्हा हौदापाशी. माझं डोकंच सटकलं.

"काकी, तुम्ही कोणाला वाचवताय?" मी म्हटलं. "तुम्ही घरात गेलात की साळुंक्या येतात. रोज येतात. तुम्ही त्यांना पान वाढताय."

काकींनी निंबाखाली पाहिलं. दोन साळुंक्या आधीच येऊन बसल्या होत्या. काकींनी कागद हौदाच्या कडेवर ठेवला आणि त्या आत गेल्या. सुटले एकदाची, असं मला वाटलं, हे कबूल करते.

संध्याकाळी हितेंद्र भिंतीशी आला. आईनं उपास धरला, म्हणाला. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. गेल्या वर्षी उपासातच त्या न्हाणीत चक्कर येऊन पडल्या होत्या आणि डॉक्टरांनी यापुढे एकही उपास नको असं बजावलं होतं. पण या वेळी त्या कोणाचं ऐकत नव्हत्या. चार महिने आपण आपल्या हातानं जीव मारले, आता उरलेले रविवारी ट्रॉलीतून जाऊन जळतील. त्यांची सोय लागल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"तुमचं काही चुकलं नाही, ताई," हितेंद्र म्हणाला. "खरं तेच बोललात."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली. रात्री जेवण गेलं नाही, आणि मी सोनगीरला आईला फोन लावला. माझी आई भागाबाई आधी दुसऱ्यांच्या शेतात राबली, मग स्वतःच्या दोन एकरांत. खतातलं तिला जेवढं कळतं तेवढं मला पोस्टातलंही कळत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुनी जीभ तुना बापवर गयी शे," ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "येस मी."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली, आणि दुपारी दोन एसट्या बदलून ती आली. चहासुद्धा न घेता भिंतीला वळसा घालून काकींच्या अंगणात गेली. काकी पाटावर बसल्या होत्या, ओठ सुकलेले. आईनं हौदात हात घातला, मूठभर चिखल वर काढून पाहिला.

"अक्का, तुम्ही यासले उचलतस कसाले?"

"ढीग तापतो ना. भाजतील."

"तापना तं त्या कडले सरकतस. त्यासले पाय नहीत, पन अक्कल शे. हाई त्यासनं घर शे. घरमाथीन काढं तं कोन जगी?"

काकींनी तिच्या मुठीतल्या चिखलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि माझ्या हातून जे मेले, त्यांचं काय?"

माझी आई कुणाची समजूत काढत नाही. "त्या मरी ग्यात," ती म्हणाली. "ज्या शेतस त्यासनं देखा."

मला वाटलं, आता काकी कोसळणार. पण त्यांनी पदर खोचला.

हितेंद्रनं दुकानाच्या टेम्पोतून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आणल्या. पहिल्या हौदाशेजारी आईनं विटांचा दुसरा रचला, तळाला पऱ्हाट्यांचा वीतभर थर दिला. खालून वारा खेळला की ढीग खालीवर करायची गरज नाही, म्हणाली. त्यावर निंबाचा वाळका पाला, त्यावर चिखल, पुन्हा पाला, वर मूठभर माती. जेवढं ओलं त्याच्या दुप्पट सुकं. फावडं कोणी मागितलंच नाही. चिखल मुठीमुठीनं हातांनी हलवायचा, बोटांना एखादा जीव लागला तर तो चिखलासकट जाऊ द्यायचा. पाला मात्र काकींनी आधी पांढऱ्या चादरीवर पसरायला लावला, कोळी आणि मुंग्या निघून जाईपर्यंत. आईनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, पण थांबली.

शुक्रवार गेला. शनिवारी मी पूर्ण दिवसाची रजा टाकली आणि नाकाला रुमाल बांधून कोपरापर्यंत त्या घाणीत हात घातले. दुपारी काकींना घेरी आली. त्या आईच्या खांद्यावर टेकल्या, हात तसाच पाल्यात.

"आते बस करा, अक्का."

"अजून एक घमेलं आहे," काकी म्हणाल्या, आणि ते घमेलं त्यांनीच संपवलं.

रविवारी उजाडताच हितेंद्र नव्या हौदावर वाकला. दोनदा वास घेतला. थोडा आंबूस होता, बाकी माती आणि निंब. त्यानं तिथूनच ट्रॉलीवाल्याला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

सूर्य उगवून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की उपास सोडता येतो. पहिला घोट घरातल्या कोणीतरी पाजायचा, अशी त्यांच्याकडे रीत आहे. सुनेनं मुगाचं पाणी वाटीत आणलं, हितेंद्रनं हात पुढे केला, तर काकींनी मानेनंच त्याला थांबवलं. मी दारात उभी होते. चार दिवस मनात घोळवलेली माफी तोंडातून बाहेर पडत नव्हती.

"प्रज्ञा, तू पाज."

"काकी, मी कशी? माझ्यामुळेच तर तुम्ही..."

"म्हणूनच. सगळे मला दयाळू दयाळू म्हणत राहिले. तू एकटी खरं बोललीस." मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "चार महिने तुझ्या घरात वास आला. तुझ्या घासात आला असेल. मला क्षमा कर."

मी वाटी घेऊन त्यांच्या ओठांशी नेली, तर अर्धं पाणी त्यांच्या पदरावर सांडलं. मी रडत होते, डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. काकींनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली नाही. चार दिवसांच्या उपाशी काकी, मी शांत होईपर्यंत तोंड उघडून तशाच बसून राहिल्या.