आईला घातलेलं पाणी

त्या दिवशी मी मरीआईवर मनापासून चिडले होते. गावाला पटकीपासून राखणारी म्हणून आम्ही तिला पुजतो आणि माझ्या सासूबाई, आमच्या आत्या, त्याच रोगानं आडव्या पडल्या होत्या. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले. दर मंगळवारी देवीला आंघोळ घालायचा मान आत्यांचा. देवळामागच्या विहिरीचं पाणी घालायचं आणि त्याचं तीर्थ तांब्यातून घरी आणायचं. घरातलं पाणी मी उकळायचे, त्याला त्यांची हरकत नव्हती, पण तीर्थाचं नाव काढलं की म्हणायच्या, "तीर्थाला कुटं उकळत्यात व्हय गं?" त्या मंगळवारी मी माहेरी होते. तांब्या त्यांनी एकटीनंच संपवला होता.

नवरा रेल्वेच्या ड्यूटीवर. शेजारणींनी पाणी तोडायला सांगितलेलं, कारण प्यायलेलं सगळं बाहेर येत होतं. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेल म्हणून होटगीच्या रस्त्यावर मी आत्यांना कवटाळून उभी होते आणि मनात देवीला बोल लावत होते. तेवढ्यात सोलापूरकडून एक रिक्षा आली. आत एक बाई, मांडीवर झोपलेली लेक. ती लेकही याच दुखण्यातून उठून दवाखान्यातून घरी निघालेली. आत्यांकडे पाहताच ती बाई रिक्षा चालवणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "गाडी पलटाव जी." मग माझ्याकडे वळून, "ताई, पाणी तोडू नका. उलटी झाली तर जरा थांबा, परत पाजा." लेकीसाठी आणलेली क्षार-साखरेची पुडी तिनं उकळलेल्या पाण्याच्या बाटलीत कालवली आणि दवाखान्यापर्यंत आत्यांच्या ओठांत घोट घोट सोडत राहिली. माझी आई असती तरी याहून वेगळं काय करती! आत्यांना सलाईन लावेपर्यंत ती निघूनही गेली. नाव विचारायचं राहिलंच.

आत्या वाचल्या. पुढे विहिरीचं पाणी तपासलं, तेव्हा कळलं की जवळच्या संडासाच्या खड्ड्यातली घाण पावसानं विहिरीत झिरपत होती. हे आत्यांना कसं सांगायचं, याची मला धास्ती वाटत होती. देवीनंच आजार दिला असं त्यांना वाटलं तर? जन्मभराची भक्ती होती ती. शेवटी सांगितलं, तशा त्या उठून बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजे इतकी वरसं आमी आईला संडासाचं पानी घातलं की गं."

खरंच, हे मला सुचलं नव्हतं. माझा सगळा राग तिथंच विरघळला.

आता तो खड्डा लांब हलवलाय, विहिरीत नेमानं औषध पडतं. मंगळवारी आत्या साबणानं हात धुतात, इतके घासतात की मी हसते. देवळात पाणी खळखळून उकळतं, निवतं. तीर्थात कुणी हात बुडवायचा नाही; लांब दांड्याच्या पळीनंच मिळतं. रिक्षातली ती बाई कोण होती, माणूस की देवी, याचा वाद मी घालत नाही. पहिली पळी हातावर घेताना तिची आठवण काढते. देवीवर भार टाकायचा म्हणजे आपले हात सोडून बसायचं नसतं, एवढं मला उमगलंय.

आंघोळीआधी आत्या ते पाणी मनगटावर घेऊन बघतात, तान्ह्या बाळाचं बघावं तसं. मग हळूच म्हणतात, "घे गं आई, आता स्वच्छ हाय."