लख्ख घासलेली वजनं

काटेसाहेब रस्त्याने येताना दिसले की पेठेतले दुकानदार आधी त्यांच्या पिशवीकडे बघायचे, मग तोंडाकडे. पिशवी वाऱ्यावर हलत असली तर साहेब भाजी न्यायला आलेत. पिशवी खाली ओढलेली असली तर आत कचेरीची वजनं आहेत आणि आज कुणाची तरी खैर नाही. वजनमापांच्या कचेरीत त्यांनी उभी हयात काढली, आणि त्या पिशवीने त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरवला. बायको म्हणायची, "जगाचे तराजू सरळ करता करता तुमचाच काटा कलला हो!"

तेव्हा काटे लोखंडाचे होते आणि माणसं तोंडाची. भाव करताना भांडण व्हायचं, भांडताना ओळख व्हायची, आणि ओळख झाली की उधारी. आता काचेत हिरवे आकडे उजळतात. त्यांच्याशी कोण भांडणार?

कचेरीचा शिक्क्याचा दिवस म्हणजे तर जत्राच. सगळे दुकानदार आपापली वजनं घेऊन अंगणात रांगेत बसायचे. कोळिणीच्या वजनांना मासळीचा वास, तेल्याची वजनं हातातून निसटणारी, हलवायाच्या वजनांमागून मुंग्यांची वेगळी रांग. साहेब प्रत्येक वजन कचेरीच्या काट्यावर घालायचे, डोळे बारीक करायचे, पुन्हा घालायचे. कमी भरलं तर लोखंडी वजनाच्या बुडाशी शिशाची भर घालून नीट करून द्यायचे आणि मग शिक्का. तेली वैतागून म्हणायचा, "साहेब, लग्नाला मुलगीसुद्धा इतक्यांदा बघत नाहीत!"

आणि मग यायच्या लख्खकाकू. किराणा दुकानाच्या मालकीण. नवरा गेल्यावर एकटीने गल्ला सांभाळणारी बाई. हे नाव त्यांना पेठेनेच दिलेलं, कारण त्यांच्या दुकानात डब्यांची झाकणंदेखील दिव्यासारखी चमकायची. त्यांची वजनं सासऱ्यांच्या वेळची, पितळी. पांढऱ्या फडक्यातून ती बाहेर निघाली की अंगणात ऊन पडल्यासारखं व्हायचं. साहेब एक वजन हातात घेऊन सगळ्यांना दाखवायचे.

"बघा रे! वजनं अशी ठेवावीत. तोंड दिसतंय तोंड!"

त्यात बघून ते मिशी सारखी करायचे, आणि खाट्‌कन शिक्का मारून मोकळे व्हायचे. काट्यावर? छे! ही काय तोलायची? ज्या बाईचं झाकण इतकं स्वच्छ, तिचं मन किती स्वच्छ असेल! साहेबांचा हा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचाही नव्हता. चुकलं ते दुसरीकडेच.

पेठेत एक सोनार होता. चिकट इतका, की उन्हात उभा राहिला तर सावलीसुद्धा दुसऱ्याच्या ओट्यावर पडू द्यायचा नाही. त्याने लख्खकाकूंकडून वेलदोडे नेले आणि सहज गंमत म्हणून आपल्या सोन्याच्या काट्यावर घातले. वेलदोडे कमी भरले. त्याने पुन्हा घातले. मग लवंगा आणल्या, त्याही घातल्या. कमीच! दुपारपर्यंत ही बातमी पेठेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, आणि तिथे पोचेपर्यंत चिमटीभर वेलदोड्यांचं पोतं झालेलं होतं.

"वरून लख्ख, आतून ठक्क," कुणीतरी म्हणालं. पेठेला एवढं पुरे असतं.

दुसऱ्या दिवशी लख्खकाकूंच्या दुकानात माशासुद्धा आल्या नाहीत. पण माशा तिथे एरवीही येत नसत, म्हणून त्यांना ते आधी कळलंच नाही. कळलं ते रोजच्या शिंपीणबाई समोरच्या दुकानात शिरताना बघून.

सोनाराने कचेरीत तक्रार दिली. साहेब जड पिशवी घेऊन निघाले, पण मनात खात्री होती की सोनाराचाच काटा बिघडलाय. दुकानासमोर हीऽ गर्दी. साहेबांनी काटा टांगला, एका पारड्यात कचेरीचं वजन ठेवलं, दुसऱ्यात काकूंचं. काकूंचं पारडं सावकाश वर गेलं. दुसरं वजन घातलं. तेही वर.

सोनार म्हणाला, "आता बोला साहेब. दुधाचं दूध झालं ना?"

काकू पुढे झाल्या. "साहेब, मी रोज... पोराबाळांसारखी जपते हो ती. रोज सकाळी राखेने घासते. सणकून घासते. शिक्क्याच्या दिवसाआधी तर विटेची भुकटी लावून..."

साहेबांच्या हातातलं वजन हातातच राहिलं. विटेची भुकटी! वर्षानुवर्षं! आणि कशासाठी? तर साहेबांना त्यात तोंड दिसावं म्हणून. एकेका घासण्याबरोबर पितळ चाललं होतं मोरीत, आणि साहेब वर शिक्के मारत बसले होते.

"उद्या शिक्क्याचा दिवस आहे. निकाल उद्या," एवढं म्हणून साहेबांनी वजनं पिशवीत टाकली आणि घरी गेले.

घरी बायकोने ताट वाढलं, पण ताटापेक्षा जास्त बोलणं वाढलं. "तुम्ही तोललं असतंत तर पहिल्याच खेपेला कळलं असतं की नाही?"

"कळलं असतं."

"मग उद्या काय सांगणार?"

"वजनं कमी भरली, जप्त केली. कायद्याने एवढंच पुरतं. बढतीचा कागद वर गेलाय गं. मी न तोलता शिक्के मारले हे तोंडाने म्हटलं, तर..."

"तर बढती जाईल. आणि नाही म्हटलंत तर तिचं दुकान जाईल." बायकोने पाण्याचा तांब्या आपटला. "दोन्ही पारडी तुमच्यासमोर आहेत. काटेसाहेब म्हणतात ना तुम्हाला? बघा तोलून."

सकाळी कचेरीच्या अंगणात नेहमीची रांग, पण बोलणं एकाच गोष्टीचं. लख्खकाकू शेवटी बसल्या होत्या, रिकामं फडकं मांडीवर घेऊन. साहेब उभे राहिले.

"ही वजनं कमी आहेत. भरीव पितळेला शिशाची भर घालता येत नाही, म्हणून ही रद्द." त्यांनी एकेका वजनावर छिन्नीने फुली मारली. मग रांगेकडे वळले. "पण ही झिजवली कुणी माहीत आहे? मी! दर खेपेला इथे उभा राहून तोंड दिसतंय, तोंड दिसतंय म्हणून नाचत होतो. बाई घासत राहिली. आणि तुमची वजनं मी तीनतीनदा तोलली, हिची एकदाही नाही. न तोलता शिक्का मारला. तेव्हा ठक म्हणायचं असेल तर इकडे बघून म्हणा."

मग तेली हळूच म्हणाला, "म्हणजे साहेब, आमच्या तेलकट वजनांचं भलंच झालं म्हणायचं!" आणि सगळे हसले. लख्खकाकूसुद्धा, पदराने डोळे पुसता पुसता.

कचेरीत लोखंडी वजनांचा एक उसना संच असायचा. ज्याची वजनं रद्द होतील, त्याने नवी येईपर्यंत तो वापरायचा, दुकान बंद ठेवायचं नाही, असा नियमच होता. पण कचेरीच्या धाकाने आजवर कुणी मागितलाच नव्हता. साहेबांनी तो पिशवीत भरला आणि स्वतः काकूंच्या दुकानात नेऊन ठेवला. दुकानाबाहेर कचेरीचा एक काटाही टांगला: ज्याला संशय येईल त्याने तोलून बघावं. पहिला आला सोनार. बरोबर भरलं. नाइलाजाने आत जाऊन आणखी वेलदोडे घेतले. मागची तूट म्हणून काकू त्या दिवसांत प्रत्येक पुडीत वर चिमूटभर घालत; सोनार त्यासाठी छोट्या छोट्या पुड्या बांधून घ्यायचा.

बढती गेलीच. बायको म्हणाली, "जाऊ दे. खुर्ची नाही तर नाही, काकूंकडे चहापत्ती घ्यायला जायला तोंड तर राहिलं!" साहेबांनी कचेरीत आणखी एक पायंडा पाडला. शिक्क्याच्या दिवसाआधी कुणीही वजनं आणावीत, तपासून नीट करून घ्यावीत, दंड नाही. लोक आधी घाबरत आले, मग गप्पा मारायला यायला लागले.

आता साहेब निवृत्त आहेत. संध्याकाळी हलकी पिशवी घेऊन निघतात, पण खांदा जुन्या सवयीने तसाच उतरलेला. लख्खकाकूंच्या दुकानात हिरव्या आकड्यांचा काटा आलाय, गल्ल्यावर सून बसते. काकू बाजूच्या स्टुलावर, समोर फुली मारलेल्या त्या पितळी वजनांतलं एक. ते मात्र अजून रोज घासतात.

साहेब ते उचलतात, तळहातावर झेलतात.

"तोंड दिसतंय का?" काकू विचारतात.

"दिसतंय. म्हातारं दिसतंय. आणि वजन अजून हलकं झालंय."

"होऊ दे की," काकू म्हणतात. "तुम्ही शिक्का मारू नका म्हणजे झालं."