अक्काच्या पैशांची फरशी

त्या वर्षावासात मी रोज विहारात जात होतो, पण मन कशातच लागत नव्हतं. वंदनेला हात जोडले की डोळ्यांपुढे आमच्या घरातली नवी फरशीच यायची.

लोणारला माझं शिलाईचं दुकान आहे. मुलगी नर्सिंगला लागली तेव्हा फी भरण्याची माझी ऐपत नव्हती. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा डोणगावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. नवऱ्यामागे एकटीच राहायची. डोळ्यांच्या उपचारासाठी साठवलेले पैसे तिने माझ्या हातावर ठेवले. "पोरीचं शिकनं आधी. डोयाचं मंग पाहू," म्हणाली. मी फी भरली. काही महिन्यांनी मुलीच्या खात्यावर शिष्यवृत्ती आली, म्हणजे अक्काचे पैसे एका परीने परतच आले. ते तिला नेऊन द्यायचे, एवढं साधं काम होतं. मी मात्र पुढच्या खोलीत फरशी बसवून घेतली. अक्काने मागितले की देऊ, अशी मनाची समजूत घातली. ती मागणाऱ्यांतली नव्हेच, हे मला चांगलं ठाऊक होतं.

उन्हाळ्यात अक्का आली. फरशीवर बसली आणि हाताने चाचपत म्हणाली, "गार हाय बाप्पा! बेस केलं." तिला नीट दिसत नाही म्हणून ती चाचपते आहे, हे माझ्या लक्षात आलं. चोराच्या मनात चांदणं. चहा सांगायच्या निमित्ताने मी आत पळालो.

पुढे वर्षावास लागला. एका संध्याकाळी पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी, न दिलेलं घेणार नाही असं म्हणतात तिथे, माझा आवाजच फुटेना. मी नुसतेच ओठ हलवू लागलो. शेजारी पांढऱ्या साडीतली एक अनोळखी म्हातारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "अडकलं त अडकू दे, बापू. खोटं तोंड काऊन हालवून राह्यला?" मला रडूच कोसळलं. डोळे पुसून पाहिलं तर ती निघून गेली होती. कोणाकडे पाहुणी आली असेल. पुढे मी विचारूनही पाहिलं, पण कोणालाच सांगता आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुकानातलं पिको-फॉलचं मशीन विकलं आणि मेहकरवरून डोणगाव गाठलं. अक्का बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे पैसे ठेवून सगळं सांगितलं. तिने हातातले तांदूळ खाली ठेवले. मग म्हणाली, "मले सांगतलं असतं त मीच म्हनलं असतं, बसव फरशी."

त्याहून दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलेला होता, ती नजर परत येणार नव्हती. लवकर आणायला हवं होतं, असं काहीसं ते म्हणाले. डावा औषधांवर टिकला. त्यासाठी मी रोज कृतज्ञ असतो आणि उजव्यासाठी रोज जळतो.

शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मी जन्मभर समजत आलो. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे तो मांडायचा आणि पुढचं आपल्या हाती ठेवायचं नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

आता अक्का आमच्याकडेच असते. संध्याकाळी मी तिला हात धरून विहारात नेतो. दुसऱ्या शीलापाशी माझा आवाज अजूनही अडतो. तेव्हा अक्काही थांबते, आणि मी म्हटल्यावरच पुढचं म्हणते.